डॉक्टरांचं अर्धं बोलणं

हे सांगायचं मी टाळत आलो. घरात विषय निघाला की मी उठून दुकानात जायचो आणि दुकान बंद असलं तर पूजेला बसायचो, कारण पूजेला बसलेल्या म्हाताऱ्याला कोणी काही विचारत नाही. आता दुकान मुलगा बघतो, पूजेत लक्ष लागत नाही, आणि जिच्यासमोर हे बोलायला हवं होतं ती राहिलेली नाही. टाळण्यात अर्थ उरला नाही आणि सांगण्यातही फारसा उरलेला नाही. तरी सांगतो. आमच्या गावात माझ्या धाकट्या भावाच्या मरणाची जी हकिगत सांगितली जाते ती खोटी आहे, एवढं तरी कागदावर असावं.

हकिगत अशी सांगतात, की माणूस धडधाकट होता, बायकोनं हट्टानं लस टोचायला नेलं, लसीनं साखर चढली आणि तो गेला. हे सगळं काही मी बोललो नाही. मी एकच वाक्य बोललो होतो. बाकीचं त्यावर गावानं रचलं, आणि मी रचू दिलं.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या बाजूला. पुढे किराणा दुकान, मागे घर. वडील गेल्यापासून दुकानावर आम्ही दोघं भाऊ. मी थोरला म्हणून गादी माझी, तो तराजूवर. पण गिऱ्हाईक यायचं ते त्याच्याकडं. कपाळाला विभूतीचे पट्टे ओढून, बाह्या वर करून तो उभा राहिला की दुकानात माणसं उगीच रेंगाळायची. त्याला मधुमेह झाला तेव्हा त्यानं त्याचीही थट्टा केली. एखादी म्हातारी साखर मागायला आली की म्हणायचा, "मावशे, साखर न्यायलीस का मला चिडवायलीस? जरा पुडी झाकून बांधू दे, माझी नजर लागंल."

म्हातारी म्हणायची, "तुझ्या अंगातच लई हाय म्हनं, त्यातलीच दे की मापून."

गोळ्यांनी भागेना तेव्हा बीडच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. सकाळी आणि संध्याकाळी पोटात सुई. त्याला स्वतःला टोचून घ्यायचा धीर नव्हता. त्याची बायको टोचायची. तो भिंतीकडं तोंड करून बसायचा आणि ती टोचून मोकळी व्हायची, त्याला कळायच्या आत. "झालं?" "कवाच झालं." हे मी रोज पडद्याआडून ऐकायचो. इन्सुलिनची बाटली दुकानातल्या फ्रिजमध्ये, थंड पेयाच्या बाटल्यांमागे स्टीलच्या डब्यात असायची. वीज गेली की त्याची बायको आधी त्या डब्याचा विचार करायची. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची.

तिच्याबद्दल सांगताना एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी तिचा थोरला दीर. आमच्याकडं धाकटी सून थोरल्या दिरासमोर येत नाही, आली तर डोक्यावर पदर ओढून, आणि थेट बोलत तर नाहीच. काही सांगायचं झालं तर दाराआड उभं राहून माझ्या बायकोला सांगायची, "जाऊबाई, म्हणावं की..." आणि मी ऐकत असूनही माझी बायको ते परत मला सांगायची. मी उत्तर द्यायचो तेही बायकोला. आता हे सगळीकडं सुटलंय, माझ्या सुना माझ्याशी फोनवर भांडतातसुद्धा. पण तिनं एकदाचा अपवाद वगळता शेवटपर्यंत सोडलं नाही. एका घरात सारा संसार झाला आणि मी तिला कधी हाक मारली नाही, तिनंही मला नाही. आम्हाला दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणखी एक. त्याच्या आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा तो तराजूजवळच घामाघूम होऊन खाली बसला होता. हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. सुई घेतली होती आणि गिऱ्हाइकाच्या गर्दीत जेवण राहून गेलं होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी समोरच्या ढेपेतला गूळ फोडला आणि त्याच्या तोंडात कोंबला. थोड्या वेळात तो डोळे उघडून म्हणाला, "दादा, अडत्याचा माल खालीवर हाय, गूळ खारट लागायला." सगळे हसले. डॉक्टरांनीही मला शाबासकी दिली. त्या दिवसापासून मी स्वतःला त्याच्या आजाराचा जाणकार समजायला लागलो. गूळ म्हणजे त्याचा जीव वाचवणारी वस्तू, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

करोनाची दुसरी लाट आली तो उन्हाळा. बीडहून रोज मरणाच्या बातम्या यायच्या. गावाजवळच्या केंद्रात लस आली आणि पारावर, दुकानासमोर तोच विषय. मी लसीच्या विरोधात होतो असं नाही. पण मी म्हणालो, थांबू, चार लोकांचं बघू. ती थांबायला तयार नव्हती. दाराआडून आवाज आला, "जाऊबाई, म्हणावं की साखर असलेल्यांनी आधी घ्यावी म्हणतेत. करोना झाला तर ह्यांना सोसायचा न्हाई."

तिचं खरं होतं. आजही खरंच आहे. मी हो-नाही काही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी तीच त्याला रिक्षात घालून घेऊन गेली. परत आला तो दंड मिरवतच. दुकानासमोर बसलेल्या एकाला म्हणाला, "काय बे, भ्यालास व्हय? माझी बायको रोज टोचती मला. सरकारनं एकदा टोचलं तर काय बिघडलं?"

संध्याकाळपर्यंत त्याला कणकण आली. रात्रीतून ताप वाढला, अंग मोडून आलं. केंद्रावर सांगितलंच होतं की असा ताप येईल, एकदोन दिवसांत जाईल, घाबरू नका. ताप आला त्याचं मलाही काही वाटलं नाही. पण सकाळी ती फ्रिजमधला डबा घ्यायला दुकानाच्या दारापर्यंत आली, आणि मी माझ्या बायकोला हाक मारून म्हणालो, "तिला म्हणावं, ताप उतरेपर्यंत सुई बंद."

याच्यामागं काय होतं ते सांगतो, सबब म्हणून नाही. आम्ही लहान असताना देवीची लस टोचायला माणूस यायचा. दंडावर टोचलं की आई आम्हाला घोंगडीवर निजवायची आणि तिचा नियम एकच, टोचलेल्या अंगाला दुसरं औषध न्हाई. ताप उतरेपर्यंत कडू न्हाई, तिखट न्हाई. गोड द्यायचं, थंड द्यायचं. देवी निघाली म्हणजे तिला गोडानं शांत करायचं. आम्ही सगळी भावंडं दंडावरचे वण घेऊन त्याच नियमात वाढलो. भावाच्या दंडावरही तो वण होता. मी म्हातारा होऊन रेडिओ, टीव्ही, मोबाइल बघितले, पण टोचून आलेल्या माणसाला ताप भरला तेव्हा माझ्या तोंडून आईच बोलली.

त्यात त्याला जेवण जाईना. मग तर मला खात्रीच झाली. पोटात अन्न नाही आणि सुई दिली तर मागच्यासारखा पडेल, घामाघूम होईल. मला त्याचं तसं पडणं आठवत होतं.

दाराआडून आवाज आला, जरा चढलेला. "जाऊबाई, म्हणावं की सुई मनानं बंद करू नका, असं बीडच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. फोन तरी लावून विचारा म्हणावं."

"तिला म्हणावं," मी म्हणालो, "ह्या घरात अजून मी हाय. त्याला गूळ देऊन जिवंत केला तवा डॉक्टर कुठं होते?"

डबा फ्रिजमध्येच राहिला.

फोन लावायला काय लागत होतं? मोबाइल माझ्याच खिशात होता, डॉक्टरांचा नंबर त्यातच होता. मी लावला नाही. कारण लावला असता तर ती म्हणते ते बरोबर ठरलं असतं.

मग मी त्याची सेवा सुरू केली. मी खरंच मनापासून केली. दुकानातली ग्लुकोजची पावडर फोडली आणि तांब्यात कालवून त्याला पाजली. दुपारी गुळाचं पाणी, लिंबू पिळून. संध्याकाळी आंब्याच्या रसाची थंड बाटली. ताप दुसऱ्या दिवशी उतरलासुद्धा. पण तो उठला नाही. त्याला तहान लागायला लागली. विलक्षण तहान. "दादा, पानी." मी पाणी द्यायचो, पण नुसतं पाणी द्यायला जीव धजेना, चार घास पोटात नाहीत, अंगात त्राण कुठून येणार? म्हणून त्यात ग्लुकोज घालायचो. तो प्यायचा, लघवीला जायचा, परत येऊन म्हणायचा, "दादा, घसा लई कोरडा पडायलाय." मी परत तांब्या भरायचो. तहान गोडानं वाढत होती आणि मी ती गोडानंच भागवत होतो. मला वाटायचं, उन्हाळा आहे.

सुई बंद होतीच. ताप उतरल्यावर ती सुरू करायला हवी, हे माझ्याच नियमात बसत होतं. पण आता तो ओकायला लागला होता, आणि मी म्हणालो, पोटात काही ठरू द्या, मग बघू.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको माझ्याजवळ आली आणि दाराकडं बघत म्हणाली, "ती म्हणायलीय, मोरीत मुंग्या झाल्यात."

मी समजलो नाही असं नाही. साखरेच्या रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्याची बिमारी पहिल्यांदा आमच्या लक्षात आली ती मुंग्यांवरूनच. तरी मी म्हणालो, "उन्हाळ्यात मुंग्या निघतातच. हळद टाक म्हणावं."

तिनं हळद टाकली. मी मोरीत गेलो तेव्हा दगडावर पिवळी रेघ होती आणि तिच्या अलीकडं काळी रांग.

दुपारपर्यंत त्याचा श्वास बदलला. खोल, भराभर, कोणीतरी पळत आल्यासारखा, आणि तो तर पडून होता. तोंडाला वास येत होता, फार पिकलेल्या फळाचा असतो तसा. हाक मारली की डोळे उघडायचा आणि परत मिटायचा. आता मात्र ती दाराआड थांबली नाही. पदर डोक्यावर तसाच, पण ती खोलीत आली, त्याच्या तोंडावर वाकली आणि कोणाकडंही न बघता म्हणाली, "जीप बोलवा."

जीपमध्ये त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मी पुढं बसलो होतो. गढी गावाच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं एकदा पाणी मागितलं. माझ्या हातातल्या बाटलीत ग्लुकोज कालवलेलं होतं. ती बाटली मी मागं दिली. तिनं घेतली, नाकाशी नेली आणि खिडकीतून बाहेर ओतून दिली. चालकाला म्हणाली, "दादा, तुमच्यापाशी साधं पानी हाय का?"

बीडच्या दवाखान्यात करोनाची गर्दी होती. त्याची करोनाची चाचणी घेतली, ती नाही अशी आली. मग त्याला आत घेतलं. साखर मोजायच्या यंत्रात आकडाच येईना, इतकी वर होती. बाटल्या लावल्या, सुया सुरू केल्या. माणसं फार धावपळ करत होती, त्यांच्याकडून काही कमी झालं नाही. तो दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

ती तेव्हा खाली झाडाखाली बसली होती, कारण आत एकालाच सोडत होते आणि तो एक मी होतो. डॉक्टर तरुण होते, डोळे लाल, मास्कच्या दोरीनं कान सोललेले. मला बाजूला घेऊन ते जे बोलले ते मला शब्दशः आठवतं असं म्हणत नाही, पण अर्थ असा होता. ते म्हणाले, लस घेतल्यावर ताप येतो, अंग दुखतं, आणि तापात मधुमेहाच्या माणसाची साखर थोडे दिवस वर जाऊ शकते. ते आटोक्यात राहणारं असतं. म्हणूनच तर त्या दिवसांत साखर तपासायची, पाणी पाजायचं आणि इन्सुलिन बंद करायचं नाही. जेवण कमी असलं तरी मनानं बंद करायचं नाही, फोन करून विचारायचं. मग त्यांनी मला विचारलं, "इन्सुलिन कोणी बंद केलं? आणि गोड कोण देत होतं?"

मी म्हणालो, "घरात जरा गोंधळ झाला."

ते माझ्याकडं बघत राहिले. कोणीतरी त्यांना हाक मारली आणि ते गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, "आजोबा, लसीनं नाही गेला तो. गावात जाऊन असं सांगू नका."

आम्ही लिंगायत, आमच्यात माती देतात. मांडी घालून बसवलेला, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, असा त्याला गावी मळ्यात समाधी दिली. स्वामींनी मंत्र म्हटले. करोनाचे दिवस, तरी माणसं लांब लांब उभी होती. परत घरी आलो, ओसरीवर बसलो आणि गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणले वो? झालं काय नेमकं?"

दाराच्या चौकटीला तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. माझ्यापाशी डॉक्टरांचं पूर्ण बोलणं होतं.

मी म्हणालो, "लसीनंतर साखर वाढली म्हणले."

एवढंच. यात खोटा शब्द एकही नव्हता. मी डॉक्टरांचं बोलणं अर्ध्यावर तोडलं आणि उरलेलं गिळलं.

आमची बहीण माहेरी आली होती. ती छाती बडवत आत वळली. "नेलंस ना माझ्या भावाला टोचायला? दादा थांब म्हणलेता ना? लई शहाणी तू! आता बस टोचत!"

मी ओसरीवरच बसलो होतो. भिंत मध्ये होती, पण आवाज अडत नव्हता. मला वाटलं, ती आता उलट बोलेल. सुई कोणी बंद केली ते सांगेल, बाटली ओतून दिली ते सांगेल. तिच्याकडं सांगायला सगळं होतं. ती काहीच बोलली नाही. मी तेव्हा समजलो की थोरल्या दिराची अब्रू ती राखतेय, आणि मला, देवा, हायसं वाटलं. खरं काय होतं ते मला पुढं कळलं.

वाक्य गावभर गेलं. पुढच्या वेळी केंद्रावर लस आली तेव्हा आमच्या गल्लीतून कोणी गेलं नाही. दुकानासमोर लोक मला साक्षीला धरायचे. "ह्यांच्या घरातच झालं की. इचारा." मी तराजूकडं बघायचो. त्यानंतर गावात कोण कोण आजारी पडलं, त्यातले किती जण टोचून घेतलं असतं तर वाचले असते, हे मी मोजत नाही. मोजवत नाही. पण काही घरांसमोरून जाताना मी मान वर करत नाही.

माझ्या बायकोनं एकदा विचारलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. "सुई बंद ठेवली, त्यानं तर काही झालं नसंल ना?"

"तुला डॉक्टर केलंय का कुणी?" मी म्हणालो. तिनं परत विचारलं नाही.

फ्रिजमधला तो डबा बरेच दिवस तसाच होता. बाटली अर्धी भरलेली. एके दिवशी मी डबा उघडला आणि तेवढ्यात मागच्या दारात ती आली, मला बघून पदर ओढला आणि मागं सरली. गेली नाही, थांबली. दुकानात कोणी नव्हतं. मला बोलता आलं असतं. पण बोलायचं तर माझ्या बायकोमार्फत बोलायचं, आणि बायको नव्हती. मी त्या रिवाजाच्या मागं लपलो. डबा परत ठेवला. नंतर तिनंच तो कधी काढून नेला ते मला कळलं नाही.

वर्ष उलटल्यावर ती केजला मुलीकडं राहायला गेली. पुतणीनंच नेलं. बहीण आली की टोमणे, शेजारी आले की टोमणे, किती दिवस ऐकणार. जाताना ती सगळ्यांच्या पाया पडली, माझ्या लांबून.

ती गेल्यावर मला झोप लागेना. घर मोठं वाटायला लागलं. एके सकाळी मी एसटीत बसलो आणि केजला गेलो. वाटेत सगळं जुळवत गेलो. कसं सुरू करायचं, कुठं थांबायचं. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी थांबली तेव्हा मी पूर्ण वाक्य ओठांत म्हणूनही बघितलं. शेजारचा माणूस म्हणाला, "काय म्हणलात बाबा?" मी म्हणालो, "काही न्हाई."

पुतणीनं खुर्ची दिली, पंखा लावला. दारात पडदा होता आणि पडद्यामागं ती. पुतणी म्हणाली, "आबा, बसा तुमी, दूध संपलंय, मी आलेच घेऊन." ती बाहेर गेली. घरात आम्ही दोघंच आणि मध्ये पडदा.

मी म्हणालो, "केजला ऊन लई हाय." कोणाला म्हणालो, पडद्याला.

मग पडद्यामागून आवाज आला. मध्ये कोणी नाही, "जाऊबाई म्हणावं" नाही. तिनं मला थेट म्हटलेलं आयुष्यातलं पहिलं बोलणं ते.

"दादा, मला माफ करा. मीच नेलं वो त्येंना."

मला आधी कळलंच नाही. ती पुढं बोलत होती, थांबून थांबून. "तुमी थांबा म्हणलेते. मी ऐकलं न्हाई. मला वाटायचं, सुई बंद ठेवली त्यानं झालं, गोडानं झालं. मनातल्या मनात तुमाला बोल लावायची मी. पण डॉक्टरच म्हणले लसीनं साखर वाढली, तवा मग माझंच पाप. तुमच्यावर उगं संशय घेतला. तेवढं मनात ठेवू नका."

म्हणजे ती गप्प बसली ती माझी अब्रू राखायला नव्हे. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, नाकानं हुंगलेलं, मोरीत दिसलेलं, सगळं तिनं माझ्या एका वाक्यापुढं खोटं मानलं होतं.

आता सांगायचं होतं. जुळवून आणलेलं सगळं तोंडाशी होतं. मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "जाऊ द्या. नशिबात होतं. माझ्या मनात काही न्हाई."

मी तिला माफ केलं.

पडद्यामागं रडण्याचा आवाज आला, हलका झाल्यासारखा. तेवढ्यात पुतणी दूध घेऊन आली. चहा झाला. पुतणीनं माझ्या चहात साखर विचारून घातली.

त्यानंतर मी केजला गेलो नाही. जाईन जाईन म्हणायचो. मागच्या हिवाळ्यात पुतणीचा फोन आला. आईला ताप होता, कफ छातीत उतरला होता. दवाखान्यात नेलं, पण ती सुई टोचू देईना. सलाईनचं बघूनच हात आखडून घ्यायची. पुतणी फोनवर रडत म्हणाली, "आबा, आमच्या बाबांना इतकी वर्षं हिनंच सुया दिल्या ना? आता म्हणती, सुईनं माणूस जातो, मी बघितलंय. तुमी तरी सांगा तिला. तुमचं ऐकंल ती."

फोन तिच्या कानाला लावलाय, असं पुतणी म्हणाली. पलीकडं श्वास ऐकू येत होता, घरघरणारा. मी फोन धरून उभा राहिलो. घरात मुलगा होता, सून होती, बायको होती. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. "तुझं काही चुकलं नव्हतं," एवढं म्हणायचं तर ते का, हेही सांगावं लागलं असतं, सगळ्यांच्या देखत.

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतेत तसं करा."

तिनं केलं नाही. कदाचित मी असं म्हणालो तेव्हा तिला मागं मी आणलेलं डॉक्टरांचं बोलणं आठवलं असेल, लसीनं साखर वाढली हे. चार दिवसांनी ती गेली.

तिला गावी आणलं. नवऱ्याच्या शेजारी जागा होती. तिला मांडी घालून बसवलं तेव्हा तोंडावर पदर नव्हता. आणि मी तिचा चेहरा नीट, पुरता, पहिल्यांदाच बघितला. सगळ्यांनी एकेक बेलाचं पान वाहिलं. माझी पाळी आली. मी वाकलो, पान ठेवलं, आणि बोलायला ओठ उघडले. पण तिला हाक काय मारायची तेच मला माहीत नव्हतं. मी तिला कधी हाक मारलीच नव्हती. मागून कोणीतरी म्हणालं, "आबा, सरका पुढं." मी सरकलो.

पुतणीला मी अजून सांगितलेलं नाही. बहीण अजून तेच बोलते. हा कागद कोणी वाचेल तेव्हा मी असेन की नाही, माहीत नाही. पण त्या खड्ड्यापाशी जे म्हणायचं राहिलं ते एवढंच होतं:

तू त्याला नेलंस ते बरोबर केलंस. सुई मी बंद केली. गोड मी पाजलं. डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं होतं आणि मी अर्धंच घेऊन घरी आलो. माफी तू मागायची नव्हती. मला माफ कर.